पाऊस मिलिमीटरमध्ये, विहीर फुटांत, केळीचा भाव रुपयांत. एकाच आलेखात कसं बसवायचं?

केळीबाग | यावल तालुका

राम राम मंडळी. शेतीचा हिशेब संगणकावर ठेवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून प्रश्न इथेच टाकते.

आमच्या शेताची मी तीन वर्षांपासून महिन्याला एक ओळ अशी नोंद ठेवते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये आता ३६ ओळी झाल्या. रकाने चार. महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, अंगणातल्या पर्जन्यमापकावर मोजलेला. विहिरीचं पाणी जमिनीपासून किती फूट खाली आहे ते. दर एक तारखेला सकाळी मोटार चालू करायच्या आधी दोरी सोडून मोजते. केळीचा क्विंटलचा भाव. आणि कटाईच्या वेळी घडाचं सरासरी वजन, किलोत.

पाऊस शून्यापासून २४० पर्यंत जातो. विहीर ३८ ते ९२ फूट. भाव ७०० पासून २,१०० पर्यंत. घड १४ ते २३ किलो.

चारही रकाने निवडून रेषालेख काढला की भावाची रेषा डोंगरासारखी वर जाते, पाऊस खाली थोडासा हलतो, विहीर जवळजवळ सपाट, आणि घडाचं वजन तर आडव्या अक्षाला चिकटून बसलेलं. १४ किलोचा घड की २३ किलोचा, यावर आमच्या घरचं वर्ष ठरतं. तोच फरक आलेखात दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात गावात पाण्यावर बैठक आहे. नाला खोलीकरण आणि विहीर पुनर्भरणाचा विषय आहे. तिथे हे मोठ्या कागदावर छापून लावायचंय. छपाई काळी-पांढरीच होणार. कृपया मदत करा.

पांझराकाठ | धुळे

ताई, यासाठी दुसरा उभा अक्ष लागतो. शून्य ते २,५०० अशा एकाच पट्टीवर २३ चा आकडा कुठे दिसणार? मोठ्या आकड्यांना डावीकडचा अक्ष आणि लहान आकड्यांना उजवीकडचा.

कॅल्कमध्ये आलेखावर दोनदा क्लिक करा म्हणजे तो संपादनासाठी उघडेल. मग जी रेषा उजव्या अक्षावर न्यायची तिच्यावर उजवं क्लिक, 'फॉरमॅट डेटा सिरीज', त्यात 'ऑप्शन्स', तिथे 'सेकंडरी वाय ॲक्सिस' निवडा. एक्सेलमध्येही रेषेवर उजवं क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्येच 'सेकंडरी ॲक्सिस' मिळतो. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये 'कॉम्बो' नावाचा तयार प्रकारच आहे, त्यात कोणता रकाना स्तंभ आणि कोणता रेषा हे एकाच खिडकीत ठरवता येतं. गूगल शीट्समध्ये आलेखाच्या 'कस्टमाइझ'मध्ये 'सिरीज' उघडायचं आणि त्या रकान्याला उजवा अक्ष द्यायचा.

पाऊस स्तंभात दाखवा, बाकीच्या रेषा ठेवा. पावसाला स्तंभच शोभतो. महिन्याभरात साठत गेलेलं माप आहे ते.

केळीबाग | यावल तालुका

पांझराकाठ भाऊ, जमलं. पण तीन अडचणी आल्या.

एक, अक्ष दोनच मिळतात आणि माझी मापं चार आहेत. भाव डावीकडे ठेवला आणि बाकी तिन्ही उजवीकडे नेली, तर उजवीकडे पाऊस २४० पर्यंत जातो आणि घडाचं वजन पुन्हा तळाला.

दोन, पाऊस आणि भाव दोन्ही स्तंभात करून पाहिले तर एकाचे स्तंभ दुसऱ्यावर चढले.

तीन, विहिरीची रेषा उलटी वाटते. मे महिन्यात ती सगळ्यात उंच आहे. बैठकीत लोक म्हणतील, मे महिन्यात विहीर भरली कशी?

आणि एक गोष्ट दिसली ती सांगते. भाव डावीकडे आणि फक्त विहीर उजवीकडे ठेवली तर दोन्ही रेषा अगदी हातात हात घालून चालतात. पाणी खोल गेलं की भाव चढतो, असं स्पष्ट दिसतंय. हे बैठकीत सांगू का?

गुरुजी_शहादा | नंदुरबार जिल्हा

ताई, शेवटचं सांगायची घाई करू नका. आधी एक करून पाहा. उजव्या अक्षावर दोनदा क्लिक करून 'स्केल'मध्ये जा. कॅल्कने तो अक्ष बहुधा ३० ते १०० असा आपोआप घेतला असेल. तो तुम्ही हाताने शून्य ते २०० करा आणि रेषांकडे पुन्हा बघा.

तोवर माझ्या वर्गातली गोष्ट सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. २०११ च्या जनगणनेवरून खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आणि साक्षरता मुलांना एकाच आलेखात काढायला दिली होती. जळगाव ४२,२९,९१७, धुळे २०,५०,८६२, नंदुरबार १६,४८,२९५. साक्षरता अनुक्रमे साधारण ७८, ७३ आणि ६४ टक्के. लाखांच्या शेजारी टक्क्यांचा स्तंभ दिसेचना, म्हणून मुलांनी लोकसंख्या लाखांत लिहिली: ४२.३, २०.५, १६.५. आता सगळं शून्य ते १०० मध्ये छान बसलं. जोडस्तंभालेख काढून भिंतीवर लावला. आणि सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, नंदुरबारमध्ये माणसांपेक्षा साक्षर माणसं जास्त कशी?"

१६.५ चा स्तंभ आणि त्याच्या शेजारी ६४ चा. तिने जे दिसलं ते बरोबर वाचलं होतं, चूक आम्ही जुळवलेल्या मापात होती. एकाच पट्टीवर बसली म्हणून दोन मापं एकमेकांशी तोलता येत नाहीत. लाख माणसं आणि शंभरातली माणसं या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दोन अक्षांचा आलेख हीच चूक वेगळ्या रीतीने करतो. डावा अक्ष कुठून कुठवर आणि उजवा कुठून कुठवर, हे आपण ठरवतो किंवा आपल्या वतीने संगणक ठरवतो. त्यामुळे दोन रेषा जवळ येतात की लांब जातात, कुठे छेदतात, कोण कोणाच्या वर आहे, हे सगळं त्या निवडीवर अवलंबून असतं. रेषा छेदतात त्या महिन्यात शेतात काहीच घडलेलं नसतं. पण बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

भरितवाली | भुसावळ

गुरुजी, त्या मुलीचा प्रश्न लक्षात राहील. आमच्या बचत गटाच्या वार्षिक अहवालात सभासदसंख्या आणि बचतीची रक्कम आम्ही याच पद्धतीने शेजारी शेजारी लावत आलो आहोत. यंदा वेगळं काढणार.

जिनिंगचा_हिशेब | धरणगाव

दुसरा अक्ष नको असेल तर लॉग पट्टी आहे. आमच्याकडे मी ती नेहमी वापरतो, म्हणून कुठे चालते आणि कुठे नाही ते सांगतो.

कापूस हंगामात आमच्याकडे कोणी तीन क्विंटल घेऊन येतं, कोणी तीनशे. साध्या पट्टीवर तीनशेवाल्यापुढे तीन, पाच, दहा हे सगळे सारखेच दिसतात. लॉग पट्टीवर १ ते १० जेवढं अंतर, तेवढंच १० ते १०० आणि तेवढंच १०० ते १,०००. म्हणजे पट्टी किती वाढलं हे दाखवत नाही, किती पट झालं हे दाखवते. तीनाचे सहा झाले आणि तीनशेचे सहाशे झाले, तर दोन्ही सारखेच चढतात. कॅल्क आणि एक्सेल दोन्हीत अक्षाच्या मांडणीत 'लॉगरिदमिक स्केल' अशी खूण करायची असते.

पण माझ्याकडे सगळं क्विंटलमध्ये असतं. माप एकच, पल्ला मोठा. तिथे लॉग शोभतो. तुमच्याकडे मापंच वेगवेगळी आहेत. शिवाय लॉग पट्टीवर शून्याला जागाच नसते. आणि आपल्याकडे दिवाळी झाली की पुढे मृगापर्यंत कितीतरी महिने पावसाच्या रकान्यात शून्यच असतं. ते महिने लॉग पट्टीवर दाखवायचे कुठे?

काही जण प्रत्येक आकड्यात एक मिळवून वेळ मारून नेतात. मला ते पटत नाही. मोजलेलं माप जसं आहे तसंच दाखवावं. आणि लॉग पट्टीवर स्तंभ काढू नये. स्तंभाची उंची तळापासून मोजली जाते, आणि या पट्टीला शून्याचा तळच नाही.

एक वेगळी गोष्ट, पण विषयाला धरून. आमच्या तक्त्यात कापसाचा उतारा टक्क्यांत असतो, म्हणजे १०० किलो कापसातून किती किलो रुई निघाली ते. तो ३३ ते ३६ च्या आसपास फिरतो. शून्यापासूनच्या अक्षावर ही रेषा पूर्ण सपाट दिसते. बाहेरचा माणूस म्हणेल, काहीच बदल नाही. पण उतारा एक टक्क्याने उतरला तर १०० क्विंटल कापसामागे पूर्ण एक क्विंटल रुई कमी येते. १७० किलोच्या गाठीच्या हिशेबात तो अर्ध्या गाठीहून जास्त तोटा. म्हणून उताऱ्याचा आलेख मी वेगळा काढतो, अक्ष ३२ ते ३७ ठेवतो आणि तसं शीर्षकातच लिहितो. रेषालेखात हे चालतं. स्तंभात अक्ष शून्यापासूनच हवा.

अनेरकाठ | चोपडा

ताई, सगळ्या मापांना एका मापात आणायचं असेल तर निर्देशांक काढा. प्रत्येक रकान्याशेजारी नवा रकाना घ्या. त्या महिन्याचा आकडा भागिले पायाचा आकडा, गुणिले शंभर. पायाच्या घराच्या (सेलच्या) पत्त्यात ओळीच्या आकड्याआधी डॉलरचं चिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढताना पायाही खाली सरकत जातो. असं केलं की सगळ्या रेषा १०० च्या आसपास फिरतात. १२० म्हणजे पायापेक्षा २० टक्के जास्त. रुपये, फूट, किलो सगळी मापं गळून पडतात.

पाया म्हणून एकच महिना धरू नका. श्रावणात उपवासामुळे केळीला मागणी असते. तो महिना पाया धरला आणि त्या वर्षी भाव चढा असला, तर पुढची तीन वर्षं मंदीची दिसतील. पहिल्या वर्षाची सरासरी पाया धरा.

गुरुजी_शहादा | नंदुरबार जिल्हा

अनेरकाठ यांचं बरोबर आहे. भाव आणि घडाचं वजन यांना निर्देशांक चालेल. पावसाला मात्र नको, एका महिन्यात काही शे आणि पुढे सात महिने शून्य अशी ती रेषा होईल आणि बाकी सगळ्या पुन्हा सपाट होतील.

रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शून्य आणि सगळ्यात मोठा एक धरून बाकीचे मध्ये बसवायची रीतही आहे. आकड्यातून लहानात लहान वजा करायचा आणि मोठ्या-लहानांतल्या फरकाने भागायचं. त्यात चारही रेषा चौकट भरून दिसतात. पण मग १४ ते २३ किलोचा चढ आणि ७०० ते २,१०० रुपयांचा चढ सारख्याच उंचीचे दिसतात. एक दीडपटीच्या थोडं वर आहे, दुसरा तिप्पट. आणि बैठकीतल्या शेतकऱ्याला ०.६ म्हणजे काय ते कळणार नाही. त्याला फूट आणि मिलिमीटर कळतात. त्याच मापात दाखवा.

केळीबाग | यावल तालुका

गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं उजवा अक्ष शून्य ते २०० करून पाहिला. विहिरीची रेषा पार आडवी झाली आणि भाव एकटाच नाचू लागला. मग ३० ते १०० ठेवून भावाचा अक्ष ५०० पासून सुरू केला, तर दोन्ही रेषा आणखी वेगळ्या झाल्या. नोंद तीच, आकडे तेच. मी जे नातं सांगणार होते ते अक्षानेच जुळवलेलं होतं.

काल रात्री बराच वेळ मी त्याच आलेखाकडे बघत बसले होते. बैठकीत ते सांगितलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता, कारण तीन वर्षं रोज मोजणारी मीच आहे. 

मग आता करू काय?

गिरणाखोरं | भडगाव

चार आलेख काढा, एकाखाली एक. आडवा अक्ष सगळ्यांचा एकच, ते ३६ महिने. उभा अक्ष ज्याचा त्याचा. आम्ही गिरणेच्या आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या, नोंदी अशाच लावतो.

पांझराकाठ | धुळे

हेच लिहायला आलो होतो. चार पट्ट्यांत, म्हणजे एकाखाली एक अशा चार आलेखांत जमेल, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईलाही सोपं, कारण एका पट्टीत एकच रेषा. रंगांची गरजच उरत नाही. फक्त काही बारकावे पाळा.

चारही आलेखांची रुंदी सारखी ठेवा आणि डावी कडा एका रेषेत आणा. पण तेवढ्याने महिने जुळत नाहीत. भावाच्या अक्षावर '२,०००' लिहिलेलं असतं, वजनाच्या अक्षावर '२०'. आकडा लांब असला की आतली चौकट उजवीकडे सरकते. मग वरच्या पट्टीतला ऑगस्ट आणि खालच्या पट्टीतला ऑगस्ट एकाखाली एक येत नाहीत, आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आलेखाच्या आतली चौकट निवडून ती प्रत्येकात एकाच जागेपासून सुरू होईल आणि एकाच जागी संपेल अशी ओढा. छापल्यावर एक मोजपट्टी उभी धरून तपासा.

महिन्यांची नावं फक्त सगळ्यात खालच्या पट्टीत द्या. वरच्या तिन्हींत नुसत्या उभ्या फिक्या रेषा पुरेत, म्हणजे नजर वरून खाली सरळ उतरते.

ज्या महिन्यात कटाई नाही तिथे वजनाचा रकाना रिकामा ठेवा, शून्य टाकू नका. शून्य टाकलं की रेषा दर वेळी तळाला आपटून वर येते.

आणि विहिरीचं उत्तर राहिलंच होतं. त्या अक्षाच्या 'स्केल'मध्ये 'रिव्हर्स डायरेक्शन' अशी खूण आहे, ती करा. एक्सेलमध्ये त्याला 'व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर' म्हणतात. शून्य वर येईल आणि ९२ खाली.

गुरुजी_शहादा | नंदुरबार जिल्हा

विहिरीच्या पट्टीत शून्याच्या रेषेवर 'जमीन' असा शब्द लिहा. मग रेषा खरोखर जमिनीखाली पाणी असावं तशी लोंबलेली दिसेल. वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

नातं तपासायचंच असेल तर वेळेच्या आलेखात शोधू नका. एका अक्षावर पाऊस आणि दुसऱ्यावर विहीर असा ठिपक्यांचा आलेख काढा, प्रत्येक महिन्याचा एक ठिपका. तिथे दोन वेगळी मापं दोन वेगळ्या अक्षांवर राहू शकतात, त्यासाठीच तो असतो. त्याच महिन्याचा पाऊस घेऊन एकदा काढा, मग आदल्या महिन्याचा, मग त्याच्या आदल्या महिन्याचा. ठिपके कुठे एका पट्ट्यात जमतात ते बघा.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, कारण इथे बरेच जण जिल्ह्याचे जुने आकडे वापरतात. धुळ्याची जनगणनेची रेषा १९९१ नंतर एकदम खाली येते. माणसं कमी झाली नव्हती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अशी जागा कोणत्याही पट्टीने, कोणत्याही लॉगने नीट होत नाही. तिथे रेषा तोडायची आणि कारण लिहायचं.

केळीबाग | यावल तालुका

(बैठकीनंतर)

मंडळी, बैठक झाली. चार पट्ट्या, दोन कागद जोडून, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्या होत्या.

आधी ठिपक्यांचं सांगते. त्याच महिन्याचा पाऊस आणि विहीर घेतली तर ठिपके सगळीकडे विखुरलेले. दोन महिने आधीचा पाऊस घेतला तर ते बऱ्यापैकी एका पट्ट्यात आले. तेच पट्ट्यांच्या आलेखात उभ्या रेषांनी दिसलं. पावसाचा सगळ्यात उंच स्तंभ जुलै-ऑगस्टमध्ये, आणि विहीर सगळ्यात वर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिन्ही वर्षं तसंच. भावाची पट्टी या दोन्हींपैकी कोणाचंच ऐकत नाही. बाजार बऱ्हाणपूरला आणि त्याहून लांब ठरतो, आमच्या विहिरीवर ठरत नाही.

आमच्याकडे केळी लावणाऱ्या पिढीतले एक आजोबा आहेत, वाचता येत नाही त्यांना. ते काठी टेकत उठले, विहिरीच्या पट्टीपाशी गेले आणि जिथे रेषा वर वळते तिथे बोट ठेवून म्हणाले, "इथं पाझर सुटला." मग पावसाच्या पट्टीवर बोट नेलं आणि म्हणाले, "आणि पाणी इथं पडलं होतं." मधले दोन महिने त्यांनी बोटांनी मोजून दाखवले. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

त्यानंतर चर्चा बदलली. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, तिथे पाणी मुरतं हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण नाल्यात पाणी थांबवायचं ते जून-जुलैत, आणि त्याचा उपयोग दिसतो तो कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावायच्या केळीची, लागण करताना, हे त्या दोन पट्ट्यांतल्या अंतरामुळे पटलं. आधी बरेच जण म्हणत होते की पावसाळ्यात विहिरी भरतातच, खोलीकरण कशाला. 

घडाच्या वजनाच्या पट्टीवर बायका जास्त वेळ थांबल्या. सगळ्यात हलके घड कुठे आले ते त्यांनी आधी शोधलं, आणि मग वर विहिरीकडे पाहिलं. तिथे मी काही सांगितलं नाही. कटाईचे महिने मोजकेच आहेत आणि करपा रोगाचा एक हंगामही त्यात आहे.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजींनी थांबवलं नसतं तर मी भाव आणि पाण्याचं खोटं नातं गावापुढे मांडलं असतं.

पांझराकाठ | धुळे

ताई, बठ्ठं ध्यानमा उनं (सगळं ध्यानात आलं). त्या आजोबांना नमस्कार सांगा.

एक सुचवतो. विहीर पावसाने वर येते ते दिसलं, पण खाली जाते ती उपशाने. मोटार महिन्याला किती तास चालली त्याची नोंद आहे का?

केळीबाग | यावल तालुका

तासांची नाही, पण मीटरवरचे युनिट एक तारखेला लिहून ठेवता येतील, दोरी सोडायला जातेच तेव्हा. शेजारच्या दोन विहिरींची मापंही आता मिळणार आहेत, बैठकीनंतर दोघांनी स्वतःहून विचारलं. त्या तिन्ही विहिरी फुटांतच आहेत, म्हणजे एकाच पट्टीत चालतील ना?

गुरुजी_शहादा | नंदुरबार जिल्हा

चालतील. माप एक, पल्लाही जवळपास एकच. फक्त काळ्या-पांढऱ्यात तीन रेषा ओळखू येण्यासाठी एक सलग, एक तुटक आणि एक ठिपक्यांची ठेवा, आणि विहिरीचं नाव रेषेच्या टोकालाच लिहा. तिन्ही विहिरींच्या तोंडाची उंची मात्र एकदा पाण्याच्या नळीने तपासून घ्या. एकीचा कठडा दोन फूट उंच असला तर तिचं पाणी उगाचच दोन फूट खोल दिसेल.